खळग्याचं माप

४ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला हरकत नव्हती, पण हल्ली खाली गेलं की वर यायला दुसरा माणूस लागतो. तेव्हा उभ्याउभ्याच घे.

तुला फोन करून उपयोग नाही. कापूस पिंजायच्या यंत्राने तुझे कान नेले, आणि नातेवाइकांची बोलणी ऐकण्यातून तू कायमची सुटलीस. शिवाय पत्र लिहिणं हा माझा धंदाच. पाणीखात्याच्या तक्रार विभागात बसून तेवीस वर्षं मी लोकांना एकच पत्र लिहितोय: 'आपली तक्रार मिळाली. ती विचाराधीन आहे.' नळाला पाणी येत नाही, विचाराधीन. पाणी येतं पण त्यातून गांडूळही येतं, तेही विचाराधीन. आज पहिल्यांदा तक्रार माझी आहे आणि उत्तर द्यायचं ते तुला.

मला तुझ्या कारखान्यातली गादी हवी. वीस वर्षांपूर्वी काकांनी, तुझ्या बाबांनी, स्वतःच्या हाताने भरून दिली होती तशीच, सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्या गादीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिच्यात माझा असा एक खळगा पडलाय की आजवर एकाही शिंप्याचा शर्ट मला इतका नीट बसलेला नाही. दिवसभर ऑफिसात मला त्या खळग्याचीच आठवण येते. माझी तक्रार स्वप्नाची आहे.

वर्ष झालं, एकच स्वप्न. मी माझ्या टेबलाशी बसलोय. टेबल मधोमध खचत चाललंय, गादीसारखं. सगळ्या फायली घसरत घसरत माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्याखाली दबतो. हात हलत नाहीत. टेबलाच्या काठाला कोणीतरी लोंबकळत असतं. तोंड दिसत नाही. ते माणूस म्हणतं, 'सरका…' आणि शब्द पुरा व्हायच्या आत धप्पकन खाली पडतं. मला जाग येते.

मी याचा खूप विचार केला. 'सरका…' म्हणजे उघडच 'सरकार'. माझ्यावर चौकशी येऊ घातलीय आणि कोणीतरी मला आधी सावध करतंय. मी तेवीस वर्षांच्या जुन्या फायली काढून तपासल्या. एकही चूक सापडली नाही, कारण एकाही फायलीत मी काही केलेलंच नाही. तरी स्वप्न थांबेना. आमचा हेडक्लार्क म्हणतो, गादी बदला. त्याच्या मते सगळं गादीतच असतं.

तेव्हा जुनीसारखीच एक नवी कर. जमलं तर खळग्यासकट.

तुझी वहिनी मजेत आहे. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलीय.

कळावे, आणि कळलं तर कळवावे.

तुझा,
घडी


१२ जून

चि. घडीस,

अनेक आशीर्वाद. जास्त झाले तर घडी करून ठेव.

पाच वर्षांचा होतास तेव्हापासून बसच्या तिकिटाच्याही आठ घड्या घालायचास, म्हणून माझ्या आईने तुला हे नाव ठेवलं. मावशीने, तुझ्या आईने, ठेवलेलं नाव लोकांना आता आठवतही नाही. पण तेव्हा तू घड्या घालायचास. आता तुझ्यावरच घालतात असं दिसतंय.

खळग्यासकट नवी गादी आमच्याकडे मिळत नाही. खळगा गिऱ्हाइकाने आपला आपण पाडायचा असतो. आणि जुनी कशी होती ते कळल्याशिवाय मी नवीला हात लावत नाही. डॉक्टर आधी जीभ बघतो, आम्ही खळगा बघतो. तेव्हा चादर काढ, टेप घे आणि मला तीन गोष्टी लिहून पाठव.

खळगे किती? दोन माणसं झोपतात तिथे दोन पडतात आणि मधे उंचवटा उरतो, त्याला आम्ही बांध म्हणतो. खोल किती? टेपने नाही, बोटं आडवी घालून मोज. आणि खळग्याचा मध्य भिंतीकडच्या काठापासून किती इंचांवर आहे?

स्वप्नाचं औषध माझ्याकडे नाही, पण सवयीचं आहे. तुला मी लहानपणापासून ओळखते. तू शाळेत जाताना त्याच दगडाला पाय लावून जायचास, आणि एक दिवस नगरपालिकेने तो दगड उचलला तर घरी येऊन रडलास. म्हणून सांगते, आठ दिवस तीन सवयी मोड. तुझा चार दहाचा चहा चार वीसला घे. ऑफिसात दुसऱ्या खुर्चीवर बस. आणि पलंगावर दुसऱ्या बाजूला झोप. बघू, स्वप्न तुला शोधत तिकडे येतं का.

पंधरा दिवसांचं प्रशिक्षण कसलं? शाळेच्या मास्तरणीला शिकवायचं काय राहिलंय?

तुझी,
ताई


२१ जून

ती. ताईस,

नमस्कार. तुझं औषध घेतलं. दुष्परिणाम कळवतो.

चहा चार वीसला मागितला. चहावाल्याने कप ठेवला, तिथेच उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, घरी सगळं ठीक ना?" दुसऱ्या दिवशी चार दहाला माझा हात आपोआप टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला, जिथे तेवीस वर्षं कप असतो. तिथे स्टॅम्पपॅड होतं. बोटं निळी झाली.

खुर्ची बदलली. माझ्या खुर्चीवर एक उशी आहे, ती तिथेच ठेवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. दुपारपर्यंत विभागात बातमी पसरली की माझी बदली झाली. तिघांनी माझ्या खुर्चीसाठी अर्ज दिले. एकाने उशीसाठी वेगळा दिला.

राहिली झोपेची बाजू. मी भिंतीकडे झोपतो, ही दाराकडे. म्हणून आठ दिवस दाराकडे झोपलो. ताई, ते शक्य नाही. गादीला उतार आहे. माणसाचा डोळा लागला की तो घसरत घसरत माझ्याच जागी येतो. रोज सकाळी मी खळग्यात, जणू कोणी मला ढकलून परत जागेवर ठेवलंय. तिकडे टिकून राहायचं तर रात्रभर कशाला तरी धरून ठेवावं लागेल, आणि धरून कोणी झोपतं का?

मापं. खळगे: एक. खोली: चार बोटं. मध्य: भिंतीकडच्या काठापासून एकोणतीस इंच. दाराकडची बाजू नव्यासारखी आहे, तुझी वहिनी मुळातच हलकी.

स्वप्नात या आठवड्यात एक भर पडली. काठाला लोंबकळणाऱ्या माणसाची बोटं दिसली. चार बोटं, टेबलाच्या कडेवर, नखं पांढरी पडलेली. मी म्हणणार होतो, 'काय काम आहे?' पण तोंडातून आवाज निघेना. मग ते नेहमीचं, 'सरका…' आणि धप्प. चौकशी जवळ आली, असं मला वाटतं.

प्रशिक्षणाला पंधरा दिवस मुदतवाढ मिळालीय. हल्ली सगळं सविस्तर शिकवतात.

घडी


३० जून

चि. घडीस,

आशीर्वाद. तू ऑफिसात आकडेमोड करत नाहीस हे बरं आहे.

पाच फूट म्हणजे साठ इंच. साठाचे निम्मे तीस. तुझा खळगा एकोणतीसवर. म्हणजे तू म्हणतोस की मी भिंतीकडे झोपतो, आणि गादी म्हणते की हा एका इंचाने मधोमध नाही. भिंतीकडे तुझं फक्त नाक असणार.

आमचे बाबा गिऱ्हाइकाचं सगळं म्हणणं ऐकून घ्यायचे. मी असा झोपतो, मी तसा झोपतो. मग गादीवरून एकदा हात फिरवायचे आणि वहीत लिहायचे ते हाताला लागलेलं. एकदा एका बाईंनी सांगितलं, यजमान फिरतीवर असतात, गादी एकटीसाठीच करा. बाबांनी हात फिरवला आणि दुहेरी गादीचं माप लिहिलं. तो धंदा मी शिकले. त्यामुळे मला 'हलकी' वगैरे सांगू नकोस. एकोणीस वर्षं माणूस गादीवर झोपला तर मांजराएवढा असला तरी खुणा ठेवतो. तिच्या खुणा कुठे आहेत?

दाराकडच्या बाजूला जा. गादीच्या काठाला कडेने जाड गोट शिवलेली असते, खोळ फाटू नये म्हणून. डोकं जिथे येतं तिथून वीतभर खाली, खांद्याच्या उंचीला, ती गोट बघ. बोट फिरवून बघ. आणि काय दिसतं ते मला लिही.

आणि प्रशिक्षण संपलं असेल तर वहिनीलाच पत्र लिहायला सांग. तिचं अक्षर बघून बरेच दिवस झाले, असं मी म्हणणार होते.

ताई


८ जुलै

विषय: गादीच्या काठाची पाहणी करणेबाबत.
संदर्भ: आपले दिनांक ३० जूनचे पत्र.

महोदया,

उपरोक्त विषयी आपले पत्र मिळाले. आपण उपस्थित केलेले मुद्दे या कार्यालयाने नोंदवून घेतले असून ते विचाराधीन आहेत. नवीन गादीची मागणी तूर्त स्थगित समजावी.

आपला,
घडी

ता. क. प्रशिक्षणाला आणखी मुदतवाढ.


२ ऑगस्ट

घडी,

तुझं ते महोदया पत्र मी कारखान्यातल्या बायकांना वाचून दाखवलं. आमच्याकडे शिलाई मारणारी म्हणाली, "नवऱ्याने असं लिहिलं असतं तर मी खोळीत भरून टाके घातले असते." तीन आठवडे मी गप्प बसले. म्हटलं, तुझा राग उतरेल. मग लक्षात आलं, तुला राग आलेला नाही, तू नुसता आत जाऊन बसलायस. म्हणून आता मीच सांगते.

गेल्या वर्षी मे महिन्यात मला वहिनीचं पत्र आलं. दुसऱ्या गावी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून गेलेय, दोन खोल्या मिळाल्यात, एक गादी करून पाठवा. चौदा महिने झाले त्याला. प्रशिक्षण म्हणे. चौदा महिन्यांत माणूस विमान उडवायला शिकतो. तुला सांगू नका असं ती म्हणाली नव्हती. मीच सांगितलं नाही, वाटलं, तू आपणहून सांगशील. तू मला गांडुळाची तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत उभं केलंस.

त्या पत्रात माप होतं साडेचार फूट. मला विचित्र वाटलं. एकाला जास्त आणि दोघांना कमी. मी उलट विचारलं. तिने लिहिलं ते असं, माझ्यासमोर आहे: 'खोलीत त्याहून मोठी मावत नाही. तीन फूट मला पुरतात, पण हे आले तर अडचण नको. आणि ताई, जरा घट्ट भरा, मधे खचणार नाही अशी. एकोणीस वर्षं मी रोज रात्री एकच शब्द बोलत आलेय. आता या वयात परत सरका, सरका करायची ताकद नाही.'

आता तरी कळलं का? तो शब्द अर्धा नव्हता. सरकार तुझ्या स्वप्नात कशाला येईल, ते जागेपणी तुझ्याकडे बघत नाही. मी तुला 'सरक' म्हणते. मावशी 'सरक' म्हणायची. तुझ्या घरात तुला 'सरका' म्हणणारं माणूस एकच आहे, आणि तू त्याच्यावरून चौकशीच्या फायली काढून बसलास.

आता खरं काम. जुलैच्या मध्याला ती साडेचार फुटांची गादी टेम्पोने माझ्याकडे परत आली. सोबत चिठ्ठी: 'कापून तीन फूट करा. बाकीचा कापूस ठेवून घ्या.' गादी माझ्या कटाईच्या टेबलावर पडून आहे. पहिल्या आठवड्यात मी कळवलं, कात्री धारेला दिलीय. दुसऱ्या आठवड्यात कळवलं, धार लावणारा आजारी आहे. तिसरं कारण मला सुचत नाही. तुझ्या खात्यात शिल्लक असतील तर दोनचार पाठव.

पण मी फार दिवस खोटं बोलू शकत नाही. ती तिकडे चटईवर झोपतेय. पंधरा तारखेला मी कापणार. एकदा कापली की पुन्हा जोडता येते, नाही असं नाही. पण मधे शिवण येते, आणि ती जन्मभर टोचते.

ताई


७ ऑगस्ट

ताई,

बघितली. तुझं पत्र ऑफिसात मिळालं त्याच दुपारी, तसाच घरी येऊन, बूट न काढता.

दाराकडची गोट एका जागी झिजून गुळगुळीत झालीय. बाकीकडे दोरा खरखरीत आहे, तिथे मात्र हाताला लागतच नाही. चार खाचा आहेत, एकमेकींना लागून. मी माझी बोटं त्यात ठेवून बघितली. माझी बोटं मोठी आहेत. बसली नाहीत.

मी तुला लिहिलं होतं ना, धरून कोणी झोपतं का.

मग मी पलंगाच्या पायाशी बसून राहिलो. चार दहाचा चहाही राहिला होता त्या दिवशी, ते मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

ती गेली तो दिवस तुला सांगतो. भांडण वगैरे काही नाही. आमच्याकडे भांडण होत नाही, भांडायला दोन माणसं लागतात. बॅग दाराशी होती. ती म्हणाली, "तिकडे दोन खोल्या आहेत. तुमची स्वेच्छानिवृत्ती होऊ शकते, मी चौकशी केलीय. या." मी खुर्चीवर बसलो होतो, हातात थर्मास. म्हटलं, "बघू." ती थोडा वेळ थांबली. मला वाटलं, रिक्षाची वाट बघतेय.

'बघू' हे घरचं विचाराधीन आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. आपण नाही म्हटलं नाही, याचंच मला समाधान होतं. नाही म्हटलं असतं तर ती रडली असती आणि मोकळी झाली असती. मी तिला चौदा महिने लटकत ठेवलं. पहिल्या चार महिन्यांत तिची पाच पत्रं आली. मी एकाचंच उत्तर दिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, मी सगळ्याची ठेवतो. ती काल काढून वाचली. दुसरं वाक्य आहे, 'तू मांडलेल्या मुद्द्यांचा विचार चालू आहे.' हे मी माझ्या बायकोला लिहिलं, ताई. आणि खाली तारीख घातली.

आणि मी गेलो का नाही, तर सांगण्यासारखं कारणही नाही. इथे सकाळी ऊन ज्या खिडकीतून येतं तिथे माझा पेपर असतो. आंघोळीच्या बादलीचा कान मोडलाय, तो कसा धरायचा ते माझ्या हाताला माहीत आहे. जिन्याच्या सातव्या पायरीवर मी न बघता पाय उचलतो, कारण ती उंच आहे. एवढंच. यासाठी माणूस राहिला, असं कोणाला सांगितलं तर हसतील. पण मी खरंच हलू शकलो नाही. रोज सकाळी वाटायचं, उद्या लिहू. आणि रोज रात्री मी त्या खळग्यात असा नीट बसायचो की वाटायचं, इथून कुठे जाणार.

काल तिला पत्र लिहायला बसलो. अकरा कागद फाडले. प्रत्येक पत्र 'आपले पत्र मिळाले' असंच सुरू होतं. हात दुसरं काही लिहीतच नाही.

म्हणून तुझ्यामार्फत विचारतो. गादी कापू नकोस असं मी म्हणत नाही. तो हक्क माझा नाही. फक्त तिला विचार, मी आलो तर मला बाजू कुठली. भिंतीकडची, दाराकडची, की जमिनीची. ती सांगेल ती.

मला भीती तिकडे जायची नाही. तिकडे जाऊन तिथेही मधोमध खळगा पाडेन, ही आहे.

घडी


१६ ऑगस्ट

चि. घडीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी तिला जसंच्या तसं पाठवलं. तू परवानगी दिली नव्हतीस, पण तुझ्या परवानगीची वाट बघत बसले असते तर आपण दोघं त्याआधीच मेलो असतो.

तिचं उत्तर आलं. पाच वाक्यं आहेत: 'कापा. तीन फूट माझी. उरेल ती यांना. दोन्ही पाठवा. पंधरा दिवस बघते.'

साडेचारातून तीन गेले की उरतो दीड. घडी, दीड फुटाची गादी मी आजवर फक्त बाकासाठी केलीय. तिच्यावर माणूस कुशीवर झोपतो आणि कूस बदलायची तर आधी उठून बसतो. तिच्यात खळगा पडत नाही, पाडायला जागाच नाही. मी तिला विचारलं, दीड फुटावर ते कसे झोपतील, थोडा कापूस जोडून दोन करू का? तिने लिहिलं, 'नको. दीडच असू दे. पण गोट दोन्ही बाजूंनी जाड लावा. धरायला.'

काल कापली. कात्रीला धार चांगली होती, ती कधी गेलीच नव्हती कुठे. कापताना कापूस उडाला आणि माझ्या डोळ्यांत गेला. कारखान्यातल्या बायका बघत होत्या, म्हणून सांगून ठेवते.

दोन्ही गाद्या उद्याच्या टेम्पोने जातील. एक तिच्या पत्त्यावर. दुसरीही तिच्याच पत्त्यावर. तुझ्या पत्त्यावर काही पाठवत नाही. तुला झोपायचं असेल तर गादी कुठे आहे ते तुला आता माहीत आहे.

ताई


२७ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. पाकिटावरचा पत्ता बघ. मीही तीनदा बघितला, लिहिताना.

पंधरा दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'प्रशिक्षण'. साहेबांनी विचारलं, "कसलं?" म्हटलं, "झोपायचं." साहेब म्हणाले, "ते तर तुम्हाला येतं." तिघे अर्जदार माझ्या खुर्चीभोवती उभेच होते. उशी मी स्वतः उचलून उशीच्या अर्जदाराला दिली. ती त्याला बसणार नाही. तिलाही खळगा आहे.

इथे दोन खोल्या आहेत. एकीत तिचा पलंग, तीन फुटांचा, आणि शेजारी शाळेतून आणलेलं बाक. त्याच्यावर माझी गादी अगदी मापात बसते. दोन्हींच्या मधे वीतभर जागा आहे. तिने ती ठेवलीय की राहिलीय, ते विचारलं नाही.

मला इथे काहीच सापडत नाही. चार दहाला हात उजवीकडे जातो, तिथे भिंत आहे. जिन्याला सहाच पायऱ्या आहेत आणि मी सातवीसाठी पाय उचलून दोनदा धडपडलोय. शाळेचा शिपाई मला 'बाईंचे ते' म्हणतो. दिवसभर मी दोन खोल्यांमधून फिरतो आणि कुठेही उभा राहिलो तरी कोणाच्या तरी वाटेत येतो. रोज एकदा तरी मनात येतं, परत जावं. ही जागा सोपी नाही, ताई, हे तुला खरं सांगतो. बॅग अजून भरलेलीच आहे, पलंगाखाली.

परवा संध्याकाळी ती वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. मी स्टुलावर बसलो होतो. ती स्टुलाशी येऊन उभी राहिली, वह्या हातात धरून. तिच्या बोटांची नखं पांढरी पडली होती, गठ्ठा जड होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्टूल वह्या ठेवायचं आहे. मी उठलो आणि भिंतीशी जाऊन बसलो. तिने वह्या ठेवल्या आणि तपासायला लागली. अर्ध्या तासाने वर न बघता म्हणाली, "चहा टाकते. तुमची वेळ टळून गेली असेल."

म्हटलं, "चालेल."

आता पहिल्या रात्रीचं, कारण तू विचारशीलच. कुशीवर झोपलो. दोन्ही बाजूंची गोट धरता येत नाही, हात दोन असले तरी एक अंगाखाली जातो. एका हाताने धरली. खूप वेळ झोप लागली नाही. हाताला रग लागते, खांदा भरून येतो, आणि जरा सैल सोडलं की अंग घसरतं. एकोणीस वर्षं, ताई. मग कधीतरी डोळा लागला.

स्वप्न पडलं नाही. मीच पडलो.

धप्प आवाज झाला. वरून, अंधारातून ती म्हणाली, "लागलं का?"

'बघू' माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी जिभेच्या टोकाशी.

म्हटलं, "हो. लागलं."

घडी